गायकवाड मॅडम आणि दोन सीटची गाडी

आमच्या सोसायटीतल्या गायकवाड मॅडमना कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तरी त्या थांबतात, चष्मा नाकावर नीट बसवतात आणि विचारतात, “कारण?”

खोटं वाटेल, पण मी स्वतः ऐकलं आहे. नवीन राहायला आलेल्या एका मुलाने लिफ्टमध्ये हसून गुड मॉर्निंग केलं, आणि तो बिचारा आपली सकाळ चांगली का आहे ते समजावत तळमजल्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जातो.

मॅडम सरकारी कार्यालयात हेडक्लार्क आहेत. आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासले. प्रत्येक अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो, तो आता त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला आला आहे. भाजीवाला म्हणाला कोथिंबीर महाग झाली, की “कारण?” वॉचमन डुलकी घेताना सापडला, की “कारण?” एकदा मीटिंगमध्ये आमच्या सेक्रेटरीने तावातावाने राजीनामा दिला. सगळे “नको, नको” म्हणत असताना मॅडम शांतपणे म्हणाल्या, “कारण?” त्याला ते धड सांगता आलं नाही. बिचारा अजून सेक्रेटरी आहे.

माझं धानोरीत खिडक्यांच्या ग्रिलचं वर्कशॉप आहे. एका जुन्या वेल्डिंग मशीनवर सुरुवात केली, कुणाचा हात पाठीवर नव्हता. त्यामुळे भाव करणं हा माझा धंदाही आहे आणि करमणूकही. सोसायटीचा रंगारी असो, लिफ्टवाला असो, टाकी धुणारा असो, बोलायला मलाच पुढे करतात. म्हणून गायकवाड मॅडम एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि “जाधव, मला जुनी गाडी घ्यायची आहे, भाव करायला चला,” म्हणाल्या, तेव्हा मी खूष झालो.

“चला की. लहानच बघू. मायलेज चांगलं देणारी—”

“स्पोर्ट्स कार,” मॅडम म्हणाल्या.

माझ्या बायकोच्या हातातली बशी कलंडली. मी मॅडमकडे पाहिलं. कांजी केलेली सुती साडी, काखेत चामड्याची पर्स, केसांचा घट्ट अंबाडा. रिटायरमेंट दोन पावलांवर. मला वाटलं माझ्या कानात वर्कशॉपचा आवाज बसलाय.

“स्पोर्ट्स कार? कशाला?”

“ऑफिसला जायला. आणि रविवारी फिरायला.”

“अहो, ऑफिसला जायला स्पोर्ट्स कार?”

“ऑफिसला तोंड पाडूनच जायचं, असं कुठल्या नियमात आहे?”

“पण तिला दोनच सीट असतात हो,” बायको म्हणाली.

“म्हणूनच. आत्ताच्या माझ्या गाडीत पाच आहेत. मी एकटी. रोज चार रिकाम्या दिसतात. तिच्यात एकच रिकामी राहील.”

वजाबाकी बरोबर होती.

पहिली गाडी पाहिली खराडीत. पिवळीधमक, जमिनीला टेकलेली. मालक कॉम्प्युटर कंपनीतला पोरगा. मी टायर दाबले, दारं आपटून पाहिली, बॉनेटखाली बघून तोंड वाकडं केलं. अर्ध्या तासात पोरगा माझ्या भावावर आला. हात मिळवायचा बाकी होता.

“विकताय,” गाडीत बसून पाहणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “कारण?”

“ॲक्च्युअली आंटी, बोअर झालो. न्यू घेतोय.”

“वाईट नाही वाटत?”

“नो, नो! चिल आहे.”

मॅडम गाडीतून उतरल्या, पदर सारखा केला आणि फाटकाबाहेर चालू लागल्या. मी मागे धावलो. “अहो, भाव ठरला होता!”

“जाधव, विकताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याची वस्तू मी घेत नाही.”

तीस वर्षं धंद्यात आहे. विकणाऱ्याला वाईट वाटलं तर तो भाव धरून बसतो, हे लहान पोरालाही कळतं. आणि ही बाई दुःखी मालक शोधत होती!

दुसरी पाहिली हायवेवरच्या एका यार्डात. तिथला सेल्समन तेल लावल्यासारखा बोलत होता. “मॅडम, लेडी डॉक्टरची गाडी आहे. फक्त दवाखान्यात जायच्या.”

“मग विकली का?”

“ते आम्हाला काय माहीत?”

“फोन लावा.”

“कुणाला?”

“डॉक्टरीणबाईंना. विचारा, रडल्या का.”

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडच्या ट्रककडे पाहिलं.

तिसऱ्या वेळेला मात्र माझा भडका उडाला. कोथरूडचं एक तरुण जोडपं. बायकोला दिवस गेलेले, दोन सीटची गाडी काय कामाची, म्हणून विकायला काढलेली. नवरा बोलताना सारखा बॉनेटवरून हात फिरवत होता. मला वाटलं, चला, हवा तसा दुःखी मालक मिळाला. मी भाव असा खाली आणला, असा खाली आणला, की माझं मलाच कौतुक वाटलं. पोरगा भरल्या डोळ्यांनी किल्ली काढायला आत गेला, आणि मॅडम त्याच्या मागे गेल्या.

“तुम्ही विकू नका,” मला बाहेर ऐकू आलं.

“अं?”

“कारण पुरेसं नाही. झाकून ठेवा. पोर मोठं झालं की मागेल तुमच्याकडे.”

पोराने किल्ली खिशात टाकली! त्याची बायको दारात येऊन म्हणाली, “काकू, तुम्ही गाडी घ्यायला आलात की माझा संसार बिघडवायला?” घेणाऱ्याने देणाऱ्याचं मन वळवून सौदा मोडला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. परतताना मी एवढा ओरडलो, की सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने हेल्मेटची काच वर करून पाहिलं. मॅडम तीसच्या वेगाने गाडी चालवत शांत होत्या. एवढंच म्हणाल्या, “आवाज चढवलात, जाधव. कारण?”

तरी मी चौथी गाडी बघायला गेलो. सौदा अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही.

ही होती नारायण पेठेत, एका तीनमजली इमारतीच्या पार्किंगमध्ये. गेटवर पाटी : ‘गाडी विकणे आहे. नुसती बघायची असल्यास रस्त्यावर पुष्कळ आहेत.’ आम्ही बेल वाजवली. पांढराशुभ्र शर्ट घातलेले, ऐंशीकडे झुकलेले लिमये नावाचे गृहस्थ भिंतीला हात लावत बाहेर आले.

“बोला.”

“गाडी बघायची होती.”

“डोळे आहेत ना? मग बघा. माझे गेले काचबिंदूत, म्हणून विकतोय.”

मॅडमचं तोंड ‘का’साठी उघडलं होतं, ते तसंच राहिलं. न विचारता कारण सांगणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

गाडी गडद हिरवी, छोटीशी, कापडी छताची, मागे दुमडून उघडी करता येणारी. लिमये छत काढायला लागले. दिसत नव्हतं, पण बोटं बरोबर एकेका खटक्यावर जात होती. मुलगी बंगळूरला. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. रविवारी दोघं पानशेतच्या बाजूला जाऊन यायची. सगळं एखादी यादी वाचावी तसं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या.

मी कामाला लागलो. टायर कडक झालेत. छताला ठिगळ आहे. डावी सीट फाटली आहे.

“बरोबर,” लिमये म्हणाले. “मालकही गंजलाय. तो घेणार असाल तर फुकट देतो.”

माणूस तिखट होता, पण मीही कमी नाही. बोलता बोलता ते खाली आले, आणखी खाली आले, आणि शेवटी थकून म्हणाले, “बरं, न्या.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही आधी सांगितलेला मूळ भावच द्यायचा आहे मला. एक पैसा कमी नको.”

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हणजे मी इतका वेळ घसा कोरडा केला तो कशासाठी? परक्या माणसासमोर माझी किंमत शून्य केली या बाईने!

“जाधव, थांबा. माझी त्यांना एक अट आहे—”

मी थांबलो नाही. तरातरा बाहेर आलो, समोर दिसली ती रिक्षा पकडली, आणि रिक्षावाल्याने विश्रांतवाडीला घरापर्यंतचे जे सांगितले ते मुकाट्याने दिले. यावरून माझी अवस्था समजून घ्या.

गाडी आली. सोसायटीत पेढे वाटले गेले. मी खाल्ला नाही. बायकोने माझ्या वाटणीचाही खाल्ला आणि वर म्हणाली, “छान आहे.”

पुढे रोज सकाळी मी गॅलरीतून तो तमाशा बघायचो. स्पोर्ट्स कारचं छत उघडं, आणि आत मॅडम स्कूटरवरच्या बायका बांधतात तसा तोंडाला स्कार्फ गुंडाळून, अंगात सनकोट, हातात लांब मोजे. दरोडा घालायला निघाल्यासारख्या, तीसच्या वेगाने. बसवाले हॉर्न देऊन पुढे जात. वॉचमन सांगत होता, की सिग्नलला दोन पोरांनी “आंटी, रेस?” असं विचारलं, तर स्कार्फमधून आवाज आला, “कारण?” पोरं म्हणे हिरवा दिवा लागला तरी विचारच करत उभी होती.

मी बोलणं टाकलं होतं. पण एक गोष्ट खटकायची. दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की मॅडम गाडी काढत आणि दुपारी परतत. कुठे जातात, कुणाला ठाऊक नव्हतं.

“तू विचार की,” मी बायकोला म्हणालो.

“तुम्हीच विचारा. भांडण तुमचं आहे.”

मग एका रविवारी नारायण पेठेतून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, खिडकीचं माप घ्यायला या. मी टेप घेऊन बोळातून जात होतो आणि समोर ती हिरवी गाडी. मी एका टेम्पोमागे उभा राहिलो. लपलो नव्हतो. उभा राहिलो.

लिमये गेटपाशीच होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट, हात छातीशी बांधलेले. मॅडम घाईघाईने उतरल्या.

“उशीर झाला,” लिमये करड्या आवाजात म्हणाले. “कारण?”

आता या माणसाचं काय होणार?

मॅडम कारण सांगू लागल्या. विहारात एक जुनी मैत्रीण भेटली, तिचे गुडघे दुखतात, तिला चहा घ्यायला नेलं, चहात आलं जास्त होतं, मग पुलावर गर्दी, मग एक बैल रस्त्यात बसलेला, तो उठेचना, लोक त्याच्या भोवती फोटो काढत होते... सांगतच होत्या. स्कार्फ मानेवर उतरला होता, हात हलत होते. त्या मध्येच हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

“मान्य,” लिमये म्हणाले.

मॅडमनी डावी सीट हाताने झाडली. नवी शिवलेली होती. लिमये बसले, दार स्वतः लावलं, आणि मान वळवून म्हणाले, “टेम्पोमागे कोण आहे? मघापासून नाक ओढतंय.”

नाइलाजाने पुढे झालो. “मी. जाधव.”

“हां, टायर कडक! त्या दिवशी पळालात ते. अट ऐकलीत का यांची?”

“नाही.”

“दर रविवारी मालकाने बरोबर यायचं. गिअर टाकायला उशीर झाला की ओरडायचं. गाडीबरोबर मलाही घेतलं हो बाईंनी. आणि तुम्ही भाव पाडत होतात!”

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. आरसा सारखा करत होत्या.

“मॅडम,” मी म्हणालो, “अट घालायचीच होती, तर भाव पाडूनही घालता आली असती.”

“तेव्हा ते ‘बरं, न्या’ म्हणाले ना, जाधव,” त्या आरशातच बघत म्हणाल्या, “ते गाडीबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलत होते.”

इंजिन सुरू झालं. “दुसरा टाका,” लिमये डोळे मिटून म्हणाले. “आत्ता नाही. हं... आत्ता!” गाडी बोळाबाहेर गेली. मी टेप हातात घेऊन तसाच उभा. माप घ्यायचं राहिलंच.

भावाचं मला अजून वाईट वाटतं, हे मी स्पष्ट सांगतो. एवढा बांधलेला सौदा! पण त्या दिवसापासून दुसरंच काहीतरी डोक्यात घोळत राहिलं. वॉचमनचं, भाजीवाल्याचं, सेक्रेटरीचं, माझं, सगळ्यांचं कारण या बाईंनी विचारलं. संध्याकाळी त्या उशिरा आल्या, कधी दोन दिवस दिसल्या नाहीत, कधी दिवाळीत त्यांच्या घरी दिवाच नव्हता, तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारलं होतं?

पुढच्या रविवारी मी फाटकापाशी उभा राहिलो. बायको वरून जेवायला हाका मारत होती. ऊन चांगलंच चढलं, तेव्हा कुठे हिरवी गाडी तीसच्या वेगाने वळणावर दिसली. मी गाडीला आडवा गेलो. मॅडमनी ब्रेक लावला.

घसा खाकरून मी म्हणालो, “आज फार उशीर झाला, मॅडम. कारण?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर गाडी बंद केली, लांब मोजे एकेक करून काढले, स्कार्फ सोडला, डाव्या सीटवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “जरा मोठं आहे.”