परसात जाऊ द्या

अगदी खरं तेच सांगावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, असं तुमचं कधी झालंय का? मसाका गावच्या बुकेन्याचं झालं.

पुतण्यासाठी मागणी घालायला जायचं होतं आणि मुलाच्या बाजूने बोलणारा होता बुकेन्या. वीस वर्षांत त्याने एकही मुलगी हातची जाऊ दिली नव्हती. (स्वतःच्या लग्नात मात्र दुसराच बोलला होता.) नेमका त्याच दिवशी पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

बायकोने, नाकिमुलीने, सोबतचा कागद वाचला. "अहो, पोट धावू लागतं, जुलाब होतात म्हणतायत."

"ते साध्या माणसांचं. माझ्या परवानगीशिवाय माझ्यातून काही बाहेर पडत नाही." त्याने गोळी घेतली, पांढराशुभ्र, पायघोळ कांझू चढवला आणि तिला घेऊन निघाला.

मांडवात सगळे चटयांवर बसले. मुलीकडून बोलायला मुत्याबा होता, मोठा खट. हो-नाही ठरेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही आणि कुणी सरळ बोलायचं नाही, ही तिथली रीत. तेवढ्यात बुकेन्याच्या पोटात पहिली कळ आली.

तो गुडघ्यांवर आला. "दादा, मला जरा परसात जाऊ द्या."

"वा!" मुत्याबा हसला. "परसात आमच्या मुली बसल्यात. नाव-गाव सांगायच्या आधीच तिकडे?"

"नाव नंतर सांगतो. वेळ नाही हो!"

"बघा मंडळी, किती ओढ आहे!"

"आतून कळा येतायत."

"प्रेमाच्या कळा!" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

बुकेन्याच्या कपाळावर घाम आला. उठून पळावं तर पुतण्याचं लग्न मोडणार, बसावं तर कांझू जाणार. त्याने रीत सोडून सरळच सांगितलं, "दादा, माझं पोट धावतंय!"

"कुठे धावतंय, पाहुणे?"

"तुमच्या परसात! आणि मी अडवलं नाही, तर ते इथेच, या चटईवर येईल!"

बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. मुत्याबाने डोळे पुसले. "एवढी कळकळ मी जन्मात ऐकली नाही. दिली! मुलगी तुमची!"

बुकेन्या उठला, कांझू गुडघ्यांपर्यंत उचलला आणि धावत सुटला. दुखरा अंगठा त्याच्या लक्षातही नव्हता.

"काय बोलला हो तुमचा माणूस!" मुत्याबा नाकिमुलीला म्हणाला. "हे येतं कुठून?"

"सकाळच्या गोळीतून," ती पदराने तोंड झाकून म्हणाली.

मुत्याबा एकदम गंभीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवरून त्यांच्या घरी आला आणि गोळीचं नाव लिहून घेऊन गेला. बुकेन्या तेव्हाही परसातच होता.