पर्यटनाची पदवी आन टँकरचा पाइप

देशाची प्रगती पर्यटनावर चालती, आन पर्यटन आंघोळीवर. हे पुस्तकात नाय, म्हणून मला माहीत हाय.

दुष्काळाचं तिसरं वर्ष. शहरात नळाला पाणी आठ दिवसाला एकदा आन नवीन हॉटेल महिन्याला दोन. सबब, पर्यटनाच्या कॉलेजानं औरंगपुऱ्यात 'कौशल्य-अपेक्षा जुळवणी मेळावा' भरवला. पोरांनी कौशल्यं लिहायची, मालकांनी अपेक्षा. जुळलं की नोकरी. (लग्नाचं बी आसंच, फक्त तिथं जेवण आसतं.)

माझी चुलतबहीण दिपालीताई लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरची, वर्गात पहिली. तिनं लिहिलं: अजिंठ्याच्या समद्या लेण्या तोंडपाठ, जपानीत नमस्कार, नॅपकिनचा हंस. 'वस्तीवर टँकर आला की पहिला पाइप माझा' हेबी लिहिलं व्हतं. सरांनी ते गावठी म्हणून खोडलं. नोकरी नाय लागली तर वस्तीवर परत जाऊन आवडाकाकूच्या शिलाई मशीनवर बसायचं, हे घरी ठरलेलं.

मेळावा ज्यांच्या हॉटेलात व्हता ते बद्रीनाथशेठ ताईनं घडी घालून दिलेला हंस उलटासुलटा करून बघत बसले. मग म्हणले, "झ्याक हाय. पन गिऱ्हाइकानं साबण लावला आन नळ गेला, तर हा हंस काय करतो?"

तेवढ्यात समोरच्या हॉटेलापुढं टँकर थांबला. ताई उठली, कोटासकट टँकरच्या टपावर चढली आन शेठच्या हॉटेलाचा पाइप आत सोडला.

ड्रायव्हर सांडू म्हणला, "ओ ताई, ही खेप समोरच्यांची हाय."

"भाऊ, आमच्या वस्तीवर ज्याचा पाइप आधी आत, पाणी त्याचं. तुमच्या शहरात काय येगळं हाय?"

सांडूनं शेठकडं पाणी सोडलं. निवड जागेवर झाली. कॉलेजानं अहवालात लिहिलं: जुळवणी शंभर टक्के. (पोरगी एक, मालक एक.) पुढल्या वर्षीपासून पाइप टाकणं वीस मार्कांला आलं. शिकवायला खोडणारे सरच.

आता ताईची पदवी काउंटरमागच्या भिंतीवर आन पाइप काउंटरखाली. वर्षभरात एकाही पाहुण्याच्या अंगावर साबण वाळला नाय.

मग तुम्ही पाहुणे म्हणून आले. ताईनं लेण्यांचं सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही गरम पाणी कवा येतं ते इचारलं. वीस मिनिटं शॉवरखाली गाणं म्हणलं, आन जाताना वहीत लिहून गेले: 'सोय उत्तम. मुलीला लेण्यांची माहिती नाही.'

शेठनं लई मनावर घेतलं. ताईला सहा महिने लेण्यांच्या ट्रेनिंगला धाडलंय.

हॉटेल चालू हाय. जरूर या. येताना बादली भरून आणा.