रॉकवर लेझीम

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे अगदी साध्यासुध्या रविवारी, सकाळी बशीतला चहा फुंकता फुंकता त्यांनी जाहीर केलं, "आज संध्याकाळी मालनला मी हरवणार. अख्ख्या चाळीसमोर."

मालन वाचत होती. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "बघू," एवढंच म्हणाली.

बाप-लेकीचं हे भांडण करी रोडच्या त्या चाळीत नळावरच्या भांडणाइतकंच नियमित होतं. अप्पा, म्हणजे दगडू परब, गिरणीत साच्यांवर कापड विणत. पण लढाईच्या काळात ते गोदीत हमालीला होते आणि तिथे एका अमेरिकन सोल्जराने मायदेशी जाताना त्यांच्या हाती काही रेकॉर्डी ठेवल्या. तेव्हापासून अप्पांवर अमेरिकेतल्या गुराख्यांनी गारूड केलं ते कायमचं. गिटार, सारंगीसारखं रडणारं फिडल आणि मध्येच गळ्यात आवाज मोडून तो आभाळात भिरकावणारा गवई. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना अप्पा येईल त्याला अर्थ सांगत, "गाय हरवलीय बिचाऱ्याची." मालन मॅट्रिक होऊन कचेरीत टायपिस्ट झाली. तिने कान देऊन ऐकलं, तर गाण्यात गाय नव्हतीच, आगगाडी होती. पण हे तिने अप्पांना कधी सांगितलं नाही. ती गाय त्यांनी इतकी वर्षं सांभाळली होती.

मालनचं दैवत वेगळं. रॉक अँड रोल. काळबादेवीच्या दुकानातून तिने एक रेकॉर्ड आणली आणि अप्पांच्या चावीच्या फोनोवर लावली, तेव्हा आई दूध उतू गेल्यासारखी धावत आली. अप्पा मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"गो मालन, हा तर माझाच गुराखी. गाय सोडून मोटरसायकलवर बसलाय."

"काहीतरीच काय, अप्पा. हे नवं आहे. तुमचं रडगाणं यात कुठेय?"

"गिटार तीच, ठेकाही तोच. पोर जरा घाईत आहे, इतकंच."

"मुळीच नाही."

त्या दिवसापासून अप्पांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मालनने 'हो' म्हणावं. संयुक्त महाराष्ट्रसुद्धा दुसऱ्या नंबरावर गेला.

त्या रविवारी चाळीच्या चौकात समितीची सभा होती. पुढारी येईपर्यंत पोवाडे वाजवायचे म्हणून कुशाबाने अप्पांचा फोनो मागून आणला होता. कुशाबा चाळीतला समितीचा माणूस. त्याने फोनोच्या कर्ण्यासमोर माइक उभा केला. पोवाडे वाजले. पुढारी आले नाहीत. तेच पोवाडे पुन्हा वाजले. मागची माणसं धोतर झटकून उठू लागली.

"दगडू, काहीतरी लाव रे," कुशाबा कळवळला. "सभा चालली घरी."

अप्पा याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी गुराखी लावला. उठलेली माणसं वळून बघू लागली. मग कुणीतरी विचारलं, "हे कोण बोंबलतंय?"

अप्पांनी माइक ओढला. "अमेरिकेतला गुराखी आहे. त्याचा मुलूख त्याच्याकडून काढून घेतलाय."

हा अर्थ त्याच क्षणी जन्माला आला होता. मालनने कपाळावर हात मारला. पण मागून आरोळी आली, "त्यालाही मिळालाच पाहिजे!" इतक्यात गवयाने आवाज मोडून वर फेकला आणि कोकणातली म्हातारी माणसं एकदम सरसावून बसली. तिन्हीसांजेला रानातली गुरं परत बोलवायची हाळी त्यांच्या ओळखीची होती. एकाने हाळी दिली, दुसऱ्याने ओ दिली, मग तिसऱ्या मजल्यावरून एका आजीने दिली. बंदोबस्ताचा हवालदार स्टूल सोडून उभा राहिला.

"आता माझ्या लेकीची आवड," म्हणून अप्पांनी रॉक लावलं.

पुढाऱ्यांच्या स्वागताला अप्पांचा पुतण्या धोंडू लेझीम पथक घेऊन ताटकळला होता. पोरांचे पाय आधीच वळवळत होते. छन छन छनाछन, पथक सुटलंच. रॉक आणि लेझीम अशी जुळली, जणू दोघांचं पाळण्यातच ठरलं होतं.

हवालदार पुढे आला. "परवानगी भाषणाची आहे. नाचाची नाही."

"भाषणच आहे," कुशाबा म्हणाला. "इंग्रजीत आहे."

हवालदाराने टोपी सारखी केली आणि आदराने मागे जाऊन बसला.

आणि फोनोची चावी संपत आली. गाणं मंदावलं. गवई बघता बघता म्हातारा झाला. लेझीमवाले स्वप्नात चालल्यासारखे एकेक पाय उचलू लागले. त्या घाईतल्या पोराच्या आतून हळूहळू तोच आवाज वर आला, लांबचा, एकट्या माणसाचा.

अप्पांनी माइकवर झडप घातली. "ऐक, मालन, ऐक गो! कोण आहे हा? सांग सगळ्यांना."

अख्खी चाळ मालनकडे वळली. तिच्या अंगावर काटा आला होता. ती उठली, फोनोपाशी गेली आणि 'हो' म्हणण्याऐवजी खसाखसा चावी भरली. गाणं पळालं, लेझीम पळाली आणि त्या वावटळीत पुढारी आले. त्यांना वाटलं, हे आपलंच स्वागत. रेकॉर्ड संपेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले. मग हार घालून घेत म्हणाले, "आपली मागणी थेट अमेरिकेत पोचली, याचा पुरावा मला आज करी रोडने दिला."

टाळ्या थांबेनात. अप्पा अशा थाटात सगळ्यांकडे बघत होते, जणू अमेरिका त्यांनीच पाठवलेली.

जिन्यावरून फोनो वर नेताना ते म्हणाले, "बोल आता."

"उद्या बोलू, अप्पा." हट्ट तिने त्यांच्याकडूनच घेतला होता आणि त्याचा तिला अभिमान होता.

"बरं. पहिल्या पाळीहून आलो की विचारतो."

पहिल्या पाळीत अप्पा साच्यापाशीच कोसळले. मालनला निरोप मिळाला तेव्हा ती टाइप करत होती. तिने ओळ पूर्ण केली आणि मग उठली.

दहाव्याला सगळे बाणगंगेवर गेले. बायका सहसा जात नाहीत. मालन गेली. दगडूची लेक ती, तिला अडवणार कोण? मुलगा नव्हता म्हणून धोंडूने पिंड ठेवला. कावळे भिंतीवर ओळीने बसले होते, पण एकही पिंडाला शिवेना. अप्पांची काही इच्छा राहिली असणार, जो तो म्हणू लागला.

धोंडूने हात जोडले. "काका, मालनचं लग्न मी लावून देतो."

पुढच्या कावळ्याने मान फिरवली.

कुशाबा पुढे झाला. "दगडू, संयुक्त महाराष्ट्र आणल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही."

कावळा दोन पावलं मागे सरकला. मागे कुणालातरी खोकल्याची उबळ आली, ती हसू दाबल्याची होती. ऊन चढलं तसे भटजी कुजबुजले, "दर्भाचा कावळा करून घेऊ या."

"थांबा," मालन म्हणाली.

ती पिंडापाशी आली. कचेरीत तिचा आवाज शेजारच्या टेबलाला ऐकू जात नसे. आता तो तलावाच्या पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत गेला.

"अप्पा, तुमचं खरं. दोन्ही गाणी एकच आहेत. त्या संध्याकाळी मला ऐकू आलं होतं. आणि त्यातलं तुमचं मला जास्त आवडतं."