घडीच्या चाकूची मोहीम व नखाचा तह

ही हकीकत ज्याणे त्याणे तिखटमीठ लावून सांगितली, मेव्हणेसाहेबांनी तर भर पाहुण्यांत हातवारे करोन सांगितली, सबब खरे किती आणि फुशारकी किती हे पुढील पिढ्यांस कळावे, आणि विमा कचेरीतील राजश्री कारकूनसाहेब यांचा पराक्रम जेवढा जाहला तेवढाच, गुंजभर अधिक नाही, कागदी चढावा, ऐसे मनी आणोन हे लिहावयास घेतले आहे. वाचणारांनी हसू आवरोन वाचावे. न आवरल्यास खासा स्वारींची, म्हणजे कारकूनसाहेबांची, हरकत नाही; त्यांस सवय आहे.

प्रसंग ऐसा जे, कारकूनसाहेब विमा कचेरीत दाव्यांचे कागद तपाशीत, आणि बाईसाहेब, म्हणजे त्यांचे कुटुंब, समोरील दातांचे दवाखान्यात पेशंटांस नंबर देण्याचे कामावर असत, आणि सायंकाळी दोहोंची सुटी एकाच सुमारास होई, आणि मग उभयता हमरस्त्याखालील भुयारी वाटेने गप्पा मारीत घरी येत. कैक वर्षे हाच शिरस्ता. एके दिवशी बाईसाहेब रजेवर असता स्वारी एकटीच भुयारात शिरली, आणि मागोन एक गनीम धावत आला, आणि त्याणे स्वारींचे खांद्यावरील बॅगेस हात घातिला. अशा समयी शूरांनी काय करावे? झुंजावे. स्वारींनी काय केले? बॅगेचा पट्टा कोटाचे बटणात गुंतला होता, तो "थांबा हं, अडकलाय," ऐसे म्हणोन आपले हाताने सोडवून दिला. गनीम जाता जाता "थँक्यू" म्हणाला ऐसे स्वारींस अंधुक स्मरते.

बॅगेत रिकामा डबा, एक छत्री आणि पाठदुखीचे मलम, येणेप्रमाणे ऐवज होता. तो गेला त्याचे दुःख नव्हते. परंतु त्या दिवसापासोन भुयाराचे नाव निघाले की स्वारींची पाचावर धारण बसे, आणि मग नाना सबबी सुरू जाहल्या. आज कचेरीत काम तुंबले, उद्या डॉक्टरांनी चालावयास सांगितले, परवा तिसरेच. स्वारी लांबचे पुलावरून वळसा घालोन घरी येई आणि बाईसाहेब भुयारातून एकट्या येत. पुलावरून भुयाराचे तोंड स्पष्ट दिसे. आपले माणूस एव्हाना त्यात शिरले असेल, या विचाराने स्वारींचा जीव खालीवर होई, स्वतःची शरम वाटे, आणि तरी पाय तिकडे वळत नसत. मग स्वारी कठड्यास टेकोन नखे कुरतडी. ही खोड बालपणापासोनची. लग्न जाहल्यापासोन बाईसाहेबांनी तिजवर सक्त मनाई फर्माविली होती आणि ती मनाई स्वारींनी एक दिवसही पाळिली नव्हती.

अखेर मेव्हणेसाहेबांस गुप्त मसलतीस बोलाविले. हे गृहस्थ मोबाइलवर मारामारीचे व्हिडिओ बहुत पाहात, तेणेकरून युद्धशास्त्रात पारंगत. त्यांनी कौल दिला जे, घडीचा चाकू घ्यावा, खिशात मावतो, खर्च बेताचा.

"दाजी, नुसता उघडून दाखवायचा. समोरचा पळालाच पाहिजे."

"आणि नाही पळाला तर?"

"मग आपण पळायचं."

मसलत पसंत पडली. परंतु घरचे खजिन्याच्या किल्ल्या बाईसाहेबांकडे, आणि त्यांस सांगावे तर भुयाराची भीती कबूल करावी लागे, सबब कचेरीतील दुपारचा चहा बंद करोन निधी उभारिला. स्वारी चार वाजता जांभया देई आणि सोबतचे कारकून तब्येतीची चौकशी करीत, ऐसे हाल सोशिले, आणि मग एके दुपारी लोखंडी सामानाचे दुकानावर कूच केले.

दुकानदाराने काचेवर हत्यारे मांडिली. पहिले काळे मुठीचे, अंगठ्याचे एका झटक्यात उघडे. किंमत ऐकताच स्वारींनी ते तान्हे मूल निजवावे तैसे हळूच खाली ठेविले. दुसरे निधीत बसे, परंतु हलविताच आपोआप उघडे, आणि ते खिशात घालावयाचे या कल्पनेने स्वारींनी दोन्ही मांड्या जवळ घेतल्या. तिसरे तपकिरी मुठीचे, करंगळीहून थोडे मोठे. त्यास बाटली उघडण्याची सोय होती, आणि दात कोरण्याची काडी ठेवण्याची खोबणही होती, काडी मात्र नव्हती. दुकानदाराने पुसिले, "काय कापायचंय, साहेब?" स्वारींनी "संरक्षण" ऐसा शब्द छाती काढोन मनात जुळविला, आणि मुखावाटे निघाले, "सफरचंद."

"मग हा घ्या, मस्त आहे." ऐसे म्हणोन दुकानदाराने पात्याचे खाचेत नख घालोन पाते टक्कन उघडिले, मिटिले आणि पुडीत बांधोन दिले. स्वारी विजयी मुद्रेने परतली.

घरी येताच न्हाणीघरात शिरोन कडी लाविली आणि शस्त्राचा अभ्यास आरंभिला. येथे मोहिमेवर घोर संकट आले. पाते खाचेत नख घातल्याविना निघत नव्हते, आणि स्वारींचे दाही बोटी नख म्हणोन नव्हते. जे होते ते पुलावर खाऊन जाहले होते. मग किल्ली लाविली, नाणे लाविले, बोटे साबणाने बरबटोन घसरावयास लागली, आणि घामाने सदरा ओला जाहला, परी पाते ढिम्म हलले नाही. बाहेरून बाईसाहेबांनी, "अहो, आत झोपलात की काय?" ऐसी दोनदा विचारणा केली. तेव्हा इरेस पेटोन स्वारींनी शस्त्र दातांत धरिले आणि हिसडा दिला. कडाक् ऐसा आवाज जाहला. पाते जैसे होते तैसेच राहिले. दाढेत भरलेले सिमेंट मात्र निखळोन हाती आले.

दुसरे दिवशी दवाखान्यात हजर होणे भाग पडले. नंबर बाईसाहेबांनीच दिला आणि काय चावलेत हे पुसिले. "टोस्ट," ऐसे स्वारी वदली. मग दंतवैद्यांनी खुर्चीत निजविले, गालात कापूस कोंबिला आणि खुर्ची मागे कलविली. खुर्ची कलताच खिशातील हत्यार घरंगळले आणि फरशीवर खणकन आपटले. तोच बाईसाहेब कागद घेऊन आत आल्या होत्या, त्यांनी ते उचलिले. मुठीवर दातांचे व्रण होते. त्यांनी अंगठ्याचे नख खाचेत घालोन पाते टक्कन उघडिले. दंतवैद्य दोन पावले मागे सरले.

"हा कशाला?"

स्वारींनी थाप मारावयाचा विचार केला, परंतु गालात कापूस असता लांब थाप मारणे कठीण. सबब एकच शब्द काढिला, तोही बोबडा, "भुयार." आणि डोळे भरोन आले, ते दाढेमुळे, ऐसे स्वारींचे म्हणणे आहे.

बाईसाहेबांनी पाते मिटिले. पुलाची वाट त्यांस केव्हाच ठाऊक जाहली होती. मग हलकेच म्हणाल्या, "तुमची बॅग गेली. पण त्या दिवसापासून माझी सोबत गेली, त्याचा दावा मी कुठल्या कचेरीत करायचा? मलाही भीती वाटते हो तिथं."

एवढी वर्षे दाव्यांचे कागद तपाशिले, परंतु ऐसा दावा स्वारींपुढे कधी आला नव्हता. तो तेथेच मंजूर केला आणि तह ठरला जे, चाकू स्वारींचे खिशात राहावा, नख बाईसाहेबांचे बोटी आहेच, आणि एकावाचोन दुसरे निरुपयोगी, सबब उभयतांनी यापुढे भुयारातून एकत्रच जावे.

त्याच सायंकाळी कूच जाहले. भुयारात दिवे होते, तरी स्वारी दर पावलास मागे पाही. निम्मी वाट सरली तोच मागोन धावणारी पावले वाजली, अगदी तैशीच. स्वारींनी चाकू काढोन बाईसाहेबांचे हाती दिला, कारण तहाचे कलम तैसे होते. आणि मग आपले हात रिकामे आहेत याचे भान येण्यापूर्वीच स्वारी वळोन बाईसाहेबांचे पुढे उभी राहिली. जागची हलली नाही. पावले जवळ आली. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, बस चाललीय माझी!" ऐसे ओरडत एक घामाघूम गृहस्थ शेजारून निघोन गेला.

स्वारींनी मागे पाहिले. बाईसाहेबांनी चाकू उघडिलाच नव्हता. स्वारींचे कोटाची शेपटी मात्र मुठीत गच्च धरिली होती.

येणेप्रमाणे भुयार फत्ते जाहले. आपले पक्षी एक दाढ जायबंदी. गनीम कोणी हाती लागला नाही, कारण कोणी आलाच नाही. कारकूनसाहेबांची नखे अद्यापि वाढली नाहीत, ते कचेरीत बसोन बिनघोर कुरतडितात. आणि नखे खाऊ नयेत ही लग्नापासोनची सक्त मनाई बाईसाहेबांनी त्या सायंकाळपासोन मागे घेतली आहे.