कणगीतले दादा

"मोबाईल बंद पडला म्हणून रडायचं? अरे, आमच्या लहानपणी चार-चार महिने पाऊस पडायचा आणि आम्हाला दिवस पुरायचा नाय!" मन्सूरभाईंनी छाती फुगवून सांगितलं. छातीबरोबर पोटही फुगलं. कुवेतच्या बिर्याणीवर पोसलेलं पोट ते!

रोह्याजवळच्या त्यांच्या गावात पावसानं ठाण मांडलं होतं. शाळेला सुट्टी, लाईट गायब. मुलगा उबेद आणि सून पेणला गेलेले, तर नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं आणि दोघं तिकडंच अडकली. घरात उरली नातवंडं, तमीम आणि माहिरा. सकाळपासून दोघं आजीचं, अनीसाचं, डोकं खात होती.

उबेद लहान होता तेव्हाचे सगळे पावसाळे मन्सूरभाईंनी वाळवंटात काढले होते. ते काही परत येणार नव्हते. पण ही दोन पोरं तर समोर होती!

"लपाछपी!" त्यांनी जाहीर केलं. "राज्य तमीमवर. माहिरा, पळ गो!"

"अवो, गुडघे सांभाळा!" अनीसा स्वयंपाकघरातून ओरडली.

"माझे गुडघे अजून पंचविशीत हायत!"

पंचविशीतले गुडघे करकरत शिडीवरून माळ्यावर चढले. माळ्याच्या कडेला टेकून, खाली जमिनीवर, भात साठवायची बांबूची उंच कणगी उभी होती. पावसाळ्यात जवळजवळ रिकामी. मन्सूरभाईंनी वरून पाय आत सोडले. पाय गेले, कंबर गेली, पोटानं जरा वाटाघाटी केल्या, मग तेही गेलं. धप्प!

आत जुन्या भाताचा वास होता. वर कौलांवर पाऊस ताशा बडवत होता. लहानपणी शेजारचा महिपती आणि ते, दोघं याच कणगीत एकमेकांच्या तोंडावर हात दाबून बसायचे. हसू फुटलं की कणगी हलायची आणि बाहेरून अम्मी मोठ्यानं म्हणायची, "उंदीर फार झालेत गो या घरात!" तिला सगळं माहीत असायचं, तरी ती दुसरीकडंच शोधत जायची. मन्सूरभाईंचे डोळे भरून आले. भरलेले डोळे मिटले. आणि ते चक्क घोरायला लागले! पण त्या पावसात घोरणं ऐकू कुणाला येणार?

माहिरा गाद्यांमागं लगेच सापडली. दादा मात्र नाहीत! तमीमनं पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, फ्रिजसुद्धा उघडला. तेवढ्यात अनीसाला मागचं दार वाऱ्यानं सताड उघडलेलं दिसलं.

"या अल्ला! लपायला नदीकडं तर नाय गेले?"

झालं! सगळी आळी छत्र्या घेऊन धावली. कुणी विहिरीत डोकावलं, कुणी नदीकाठी पळालं. मशिदीतल्या बॅटरीवरच्या भोंग्यानं गावाला हाक दिली, "मन्सूरभाई हरवले आहेत! अंगात बनियन, चौकड्यांची लुंगी, वय अंदाजे सत्तर..."

"त्रेसष्ट!" माळ्याखालून गर्जना झाली. "त्रेसष्टपण अजून पुरं नाय!"

सगळे घरात घुसले. दोघांनी माळ्यावरून हात धरून ओढलं. हात आले, पोट येईना! शेवटी महिपती कोयता घेऊन पुढं आला. कणगीला हात लावला आणि थबकला.

"मन्सूर, यात आपण दोघं मावायचो रं."

"व्हय. आता मी एकटापण मावत नाय. काप!"

कणगी उभी चिरली. मन्सूरभाई अंगभर भुसा लेवून बाहेर आले. अनीसानं आधी पाठीत धपाटा घातला, मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. मन्सूरभाई खाली मान घालून उभे राहिले. नातवंडांसमोर अशी शोभा!

तमीम कमरेवर हात ठेवून पुढं आला.

"दादा, तुम्ही आवाज दिलात. आउट! आता राज्य तुमच्यावर."

मन्सूरभाईंनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं, निमूट भिंतीकडं तोंड केलं आणि आकडे मोजायला लागले. मागं पावलांची धांदल उडाली, माहिरा खिदळली, आणि महिपतीची दबकी कुजबुज ऐकू आली,

"तमीम, पोरा, मी कुठं लपू रं?"