शहागड मुक्कामी घरगाडीचे वीजसंकट निवारल्याची हकीकत

श्रीगोदावरी प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, फाल्गुन वद्य सप्तमी, ते दिवशी परगणे अंबड, मौजे शहागड येथे हमरस्त्याचे कडेस जो संग्राम जाहला, ज्यात एक पंखा, एक फ्रिज व एक मिक्सर एके घटकेस गतप्राण जाहले आणि एका जोडप्याची पुढील सारी भ्रमंती पणास लागली, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. ऐकणारांनी हसू आवरून ऐकावी, आणि न आवरल्यास पदर तोंडास लावावा.

मस्तगडचे राजेश्री दीनानाथपंत म्हणजे मोठे नामांकित पुरुष. चौतीस वर्षे जालन्याचे एमआयडीसीत एका बियाणे कारखान्यात गुणवत्ता तपासनीस, आणि त्या अमलात कपाशीचे व बाजरीचे ढीगच्या ढीग त्यांनी नापास केले, आणि लोकांच्या चुका काढून काढून हात असा बसला की आपलीही चूक असू शकते हा मजकूर त्यांचे कानावर कधी आलाच नाही. मग निवृत्त होताच पंतांचे मनात आले की कुटुंब शरयूबाई यांस घेऊन थेट हंपीपावेतो मुलूख पाहावा, आणि कोणा लॉजवाल्याचे गादीस पाठ लावू नये. म्हणोन जुनी सतरा आसनी गाडी खरीद केली, आसने उपटून टाकिली, आणि आत पलंग, ओटा, फ्रिज, पंखा व या सर्वांचे पोशिंदे म्हणोन एक थोरली बॅटरी आणि इन्व्हर्टर ऐसा सरंजाम बसवून तीस घरगाडी हा किताब बहाल केला.

याआधी दोन स्वाऱ्या निघोन दोन्ही फसल्या होत्या. पहिलीत पाण्याचे टाकीस भोक पडोन अंबडावरूनच माघार घ्यावी लागली, आणि दुसरीत गाडी मागे घेताना पाठीमागील दरवाजा बाभळीस अर्पण जाहला. दोन्ही वेळा पंतांनी दोष अनुक्रमे टाकीचा व बाभळीचा ठरविला. तेव्हा शरयूबाईंनी शर्त घातली की ही तिसरी स्वारी फसली तर गाडी विकायची, आणि पुन्हा माझ्यासमोर हंपीचं नाव काढायचं न्हाई. पंतांनी ती हसत हसत कबूल केली, कारण शर्त हरतात ते दुसरे लोक, ऐसा त्यांचा अनुभव होता.

दोन प्रहरी शहागडी दाखल होऊन गोदावरीचे पुलानजीक लिंबाचे सावलीस गाडी उभी केली, आणि बाईसाहेबांनी शेंगदाण्याचे चटणीकरिता मिक्सर लाविला. मिक्सराने एकवार घरघर केली न केली तोच इन्व्हर्टराने टीं टीं ऐसा आकांत मांडिला, आणि पंखा थांबला, फ्रिजाचा दिवा मालवला, आणि चटणी अर्धीमुर्धी राहिली. बाहेर ऊन ऐसे की डांबर चपलेस चिकटे, आणि आत विरजणाचे दही घामेजू लागले.

पंत कचरले नाहीत. त्यांनी तात्काळ मीटर काढोन बॅटरीचे दोन्ही खुंट्यांस टेकविला, आणि आकडा बारा पूर्णांक सात पाहून जाहीर केले की किल्ल्यात दारूगोळा भरपूर आहे, सबब बॅटरी निर्दोष. मग बॅटरी निर्दोष तर दोषी कोण, ऐसी मसलत एकट्याने करोन त्यांनी फर्मान काढिले की सदर मिक्सर हाच फितूर असोन त्याची व तो लावणाराची अक्कल यापुढे तपासून घेण्यात यावी. मिक्सर हद्दपार होऊन लिंबाखाली वर्तमानपत्रावर बसला. परंतु मिक्सर गेला तरी वीज येईना. पंखा लावावा तो इन्व्हर्टराने गळा काढावा, ऐसे सात वेळा जाहले. मग पंतांनी फ्यूज बदलिले, मग टपावर चढोन सौर तक्ते आपले पांढरे रुमालाने पुसले, मग इन्व्हर्टर बसविणारे पुण्याचे कारागिरास फोन लाविला, त्याने सल्ला दिला की सर, एकदा सगळं बंद करून परत चालू करा. ते पंतांनी तीन वेळा केले आणि कारागिराचे सात पिढ्यांस मनातले मनात स्मरिले.

शरयूबाई हे सारे पाहत होत्या. अखेरीस त्यांनी आपली हातपिशवी खांद्यास अडकविली, कनवटीस घराची किल्ली खोचली, आणि शांतपणे कळविले की बीडहून जालन्याची एसटी साडेतीनला फाट्यावर येते, तोवर पंखा फिरला तर ठीक, न्हाई तर मी चालले. पंत टपावरून म्हणाले की जा. आणि म्हणताच मनी पस्तावले. हंपीचे दगड एकट्याने पाहून करायचे काय, आणि पाहून झाल्यावर सांगायचे कोणाला? पण शब्द गेला तो गेला, आणि टपावरून उतरण्यास शिडी पायास सापडेना.

बाई मात्र फाट्याकडे न जाता आधी समोरचे बॅटरीदुकानी गेल्या. तेथे बदरोद्दीन नामे साठीचे एक गृहस्थ चाळीस वर्षे ट्रकांच्या बॅटऱ्यांची नाडी पाहत आले होते. ते चहा अर्धा टाकोन उठले. पंतांनी कुमक आलेली पाहून कपाळास आठ्या घातल्या आणि कळविले की बॅटरी मी तपासली आहे, ती बघायची गरज न्हाई.

बदरोद्दीन म्हणाले, "बराबर है साहेब, तुम्ही बघितली. मंग मी फक्त हात लावून बघतो."

त्यांनी पंखा चालू करविला, आणि तो गचके खात असताच मीटर एकदा शिशाचे खुंटीस लाविला, एकदा त्या खुंटीवर आवळलेल्या तारेच्या चिमट्यास. खुंटीवर बारा, चिमट्यावर नऊ. बदरोद्दीन गालात हसले.

"माल भरलेला है, पन बाहेर येऊन न्हाई राह्यला. दारातच कोन तरी उभं है."

चिमट्याचा नट ढिला करोन त्यांनी तो वर उचलला, आणि खाली जे दिसले ते पाहोन हात मागे घेतला. खुंटीस लाल नाड्याचे सात वेढे, त्यावर कुंकवाचा लगदा, लगद्यात चिकटलेल्या अक्षता आणि सर्वांवर हिरवापांढरा खार. हकीकत अशी की गेले खंडेनवमीस, इतर लोक गाडीचे स्टीअरिंगास हळदकुंकू लावोन मोकळे होतात तेव्हा, पंतांनी बॅटरी हेच खरे शस्त्र ठरवून चिमटे काढिले, खुंट्यांस नारळाचे पाण्याने अभिषेक केला, नाडा बांधिला, आणि त्यावरच चिमटे दाबून आवळिले. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या की स्टीअरिंगचीच पूजा करा, पुरे. पंतांनी त्यांस शास्त्र सांगितले होते. त्यानंतर ही तिसरी स्वारी निघेपावेतो गाडी महिनोन्महिने घराचे विजेस जोडलेली राहिली, म्हणोन हा फितवा उघडकीस आला नाही.

बदरोद्दीन यांनी चिमटा पंतांचे हाती दिला आणि चार पावले मागे सरून म्हणाले, "हा धागा तुमच्या देवाचा है. मी न्हाई तोडत. तुम्हीच सोडा."

पंत गुडघ्यांवर बसले. दोन्ही खुंट्यांचा नाडा सोडिताना बोटे लाल जाहली. मग बदरोद्दीन यांनी शरयूबाईंकडोन पाण्यात कालविलेला खायचा सोडा मागोन घेतला, दोन्ही खुंट्या घासल्या, खार फेसाळून वाहून गेला, आणि चिमटे कोऱ्या शिशावर आवळिले. पंखा फिरला. फ्रिज गुरगुरला. इन्व्हर्टराने चकार शब्द काढिला नाही.

त्याच घटकेस फाट्यावर साडेतीनची एसटी येऊन उभी राहिली. पंतांचे ओठावर आले की पूजेचे ताट शरयूनेच तयार केले होते, आणि ते खरेही होते. त्यांनी बाईंकडे पाहिले. बाई पिशवी खांद्यास लावोन उभ्या होत्या, आणि रागावलेल्या नव्हे, थकलेल्या दिसत होत्या. मग पंत जमिनीकडे पाहोन पुटपुटले.

"काय म्हणून राह्यले?" बाई म्हणाल्या. "पंख्याच्या आवाजात ऐकू न्हाई आलं."

"माझी चूक झाली म्हटलं. मिक्सरची न्हाई. तुझी तर न्हाईच."

हे वाक्य एकतीस वर्षांचे संसारात प्रथमच उच्चारिले गेले, आणि ते इतके मोठ्याने की एसटीचे खिडक्यांतून चौदा माणसांनी माना बाहेर काढिल्या. कंडक्टर ओरडला की ओ मावशी, जालना, येता का जल्दी. शरयूबाईंनी लिंबाखालचा मिक्सर उचलोन काखेत घेतला आणि कंडक्टरास हात हलवून सांगितले, "जा भाऊ तुम्ही. आम्हाला हंपीला जायचंय."

येणेप्रमाणे शहागडची फत्ते जाहली. दुरुस्तीचे पैसे बदरोद्दीन यांनी घेतले नाहीत, चटणीभाकरी मात्र घेतली. ही विजयाची नोंद पंतांचे हुकुमावरून केली असे. विजय कोणाचा, ते बाईसाहेबांनी चटणी वाढताना पंतांस विचारिले, आणि पंतांनी पहिल्या खेपेसच बराबर उत्तर दिले.