पहिली बादली गार

फ्रीजला पाण्याची लाइन जोडायला प्लंबर लागतो, ही प्लंबर लोकांनी उठवलेली आवई आहे. मी स्वतः जोडली, चहा गार व्हायच्या आत. आणि एक थेंब गळला नाही! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला हसणार आहात. हसा. पण थेंब गळला नाही.

मी पुण्याचा. बायको दिव्यश्री अस्सल बेंगळुरूची. तिचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचं विसरले. तिचे वडील जयसिंगराव, म्हणजे आमचे अप्पा, सासूबाई गेल्यापासून बसवनगुडीत एकटेच राहत होते. अप्पांना पहाटे उठल्याबरोबर गरम पाणी लागतं. एकदा ते पाणी गॅसवर ठेवून शेजाऱ्याशी बोलायला खाली उतरले आणि पातेलं जळून कोळसा झालं. तेव्हापासून दिव्यश्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अप्पा आता आपल्याकडेच राहणार," ती म्हणाली.

"पंधरा दिवस येतो," अप्पा म्हणाले. "बघतो. मग सांगतो."

आमचं सर्जापूर रोडचं घर त्यांच्या पसंतीला उतरवायचं ते या पंधरा दिवसांत. दिव्यश्रीने नियम केला की अप्पांनी गॅसला हात लावायचा नाही. मी माझ्या बाजूने नवा फ्रीज घेतला. त्याच्या दारालाच नळ! पेला टेकवा, पाणी घ्या.

अप्पा आले ते एक पिशवी आणि एक माठ घेऊन.

"माठ कशाला, अप्पा?" मी हसलो. "कुठल्या जमान्यात आहात?" आणि तो माठ मी त्याच गाडीने बसवनगुडीला परत पाठवला.

कंपनीचा माणूस आठवड्याने येणार होता. एवढा धीर कुणाला? मी सिंकखालचं कपाट उघडलं. आत दोन नळ होते. डावा सिंकला जोडलेला, उजवा बूच मारून रिकामा. बिल्डरने फ्रीजसाठीच ठेवला असणार, दुसरं काय? मी बूच काढलं, खाली बादली धरली. स्वच्छ, गार पाणी आलं. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस असल्यामुळे चांगली अर्धी बादली भरू दिली, मगच नळी जोडली.

उद्घाटनाचा पेला अप्पांना दिला.

"स्वल्प जास्तच गार आहे," एक घोट घेऊन ते म्हणाले आणि पेला बाजूला ठेवला. मी त्याचा अर्थ कौतुक असा घेतला.

दोन दिवसांनी सकाळी बोम्मसंद्राची कंपनीची बस गाठायच्या घाईत दिव्यश्रीने विचारलं, "अप्पा, पाणी गरम करून देऊ?"

"नको. मी घेतलं."

"गॅस लावलात?" तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

"नाही गं. फ्रीजमधून घेतलं."

"अप्पा, फ्रीजमधलं पाणी गार असतं."

"गरम आहे. छान आहे."

दिव्यश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच फ्रीजला पेला टेकवला, भरला आणि अप्पांच्या हातात दिला. बर्फासारखं गार! अप्पांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "सरी," आणि पेपर उघडून बसले. सरी म्हणजे ठीक. बेंगळुरात या शब्दाने वाद मिटतात. आमच्याकडे काळजी सुरू झाली.

"आधी पातेलं, आता हे," दिव्यश्री बेडरूममध्ये डोळे पुसत म्हणाली. "ते विसरायला लागलेत, प्रणीत. मला भीती वाटते."

मी तिला धीर दिला आणि सूत्रं हातात घेतली. संध्याकाळी अप्पांना फ्रीजसमोर उभं करून लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, "अप्पा, फ्रीज. गार करतो. गॅस. गरम करतो."

"हो का," अप्पा म्हणाले.

फ्रीजच्या नळावर मी ठळक अक्षरांत 'थंड पाणी' अशी चिठ्ठीही चिकटवली. दिव्यश्री त्यांना येता-जाता प्रश्न विचारू लागली.

"अप्पा, आज वार कोणता?"

"बुधवार. काल विचारलंस तेव्हा मंगळवार होता."

उत्तर बरोबर होतं, पण आमच्या जिवाला घोर लागला होता. त्यात बाल्कनीतल्या कुंड्या! रोज सकाळी मोगऱ्याखाली तळं साचलेलं असायचं. एकदा पाणी घातलं हे विसरून ते पुन्हा पुन्हा घालत असणार, असं निदान मी केलं. मग एका पहाटे मी उठलो आणि जे पाहिलं त्याने माझीही पाचावर धारण बसली. अप्पा फ्रीजसमोर स्टुलावर बसले होते. तांब्या फ्रीजला लावायचे, भरला की शेजारच्या बादलीत ओतायचे, पुन्हा लावायचे. तोंडाने स्तोत्र चाललं होतं. मी आवाज न करता मागे फिरलो आणि दिव्यश्रीला उठवलं. शनिवारची डॉक्टरची वेळ घेतली. स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी.

घर लहान आहे. भिंती त्याहून पातळ.

शनिवारी सकाळी आम्ही बाहेर आलो तर अप्पा पिशवी भरून, चप्पल घालून बसलेले.

"मी बसवनगुडीला निघालो," ते शांतपणे म्हणाले. "तिथे मला कुणी वार विचारत नाही."

दिव्यश्रीला रडू आलं. मी काहीतरी समजूतदारपणाचं बोलणार होतो, एवढ्यात अप्पा उठून फ्रीजपाशी गेले. खाली भरलेली बादली होतीच. त्यांनी शेवटचा तांब्या तिच्यात रिकामा केला, मग स्टीलचा पेला फ्रीजला टेकवला, भरला आणि माझ्यापुढे केला.

"धरा, जावईबापू."

मी धरला आणि किंचाळून सोडला! फ्रीजच्या पाण्याने हात भाजलेला मी सर्जापूर रोडवरचा पहिलाच माणूस असेन. फरशीवरून वाफ निघत होती. वर माझी चिठ्ठी, थंड पाणी.

"कुठल्या नळाला जोडलंत?" अप्पांनी विचारलं.

"उजव्या," मी हातावर फुंकर घालत म्हणालो. "पण अप्पा, मी बघितलं होतं! गार पाणी येत होतं!"

"किती सोडलं होतं?"

"अर्धी बादली."

"तो सोलरच्या गरम पाण्याचा नळ. टाकी गच्चीवर," अप्पा म्हणाले. "नळ खाली. पाइपात साठलेलं निघून जाईपर्यंत पहिली बादली गारच येते. बेंगळुरात अंघोळ करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं."

दिव्यश्री माझ्याकडे बघत राहिली. तीही बेंगळुरातच अंघोळ करते. मीही करतो. रोज पहिली बादली बाजूला ठेवून!

"अप्पा, तुम्हाला कळलं होतं, तर नीट सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

"सांगितलं की. गरम आहे, छान आहे, म्हटलं. तुम्ही डॉक्टर शोधलात." अप्पा स्टुलावर बसले. त्यांचा आवाज उतरला. "पहाटे घसा कोरडा पडतो, बाळा. गॅसला हात लावायचा नाही, म्हणालीस. मग घोटभर गरम पाण्यासाठी मुलीची झोप मोडायची? मला तसला म्हातारा व्हायचं नव्हतं. हा फ्रीज बरा होता. त्याने एकदाही वार विचारला नाही."

दिव्यश्री त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. मला स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती. मी गुपचूप पाना घेतला आणि सिंकखाली वाकलो.

"काय करताय?" अप्पा म्हणाले.

"नळी डावीकडे जोडतो. पाच मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही," अप्पा म्हणाले. "ही नळी अशीच राहिली तर मी राहतो."

दिव्यश्रीने माझ्या हातातून पाना काढून घेतला. त्याच वेळी दवाखान्यातून फोन आला, पेशंट येतायत ना, म्हणून.

"येतायत, म्हणून सांग," अप्पा पिशवीतून कपडे बाहेर काढत म्हणाले. "फक्त नाव बदल. जावयाचं घाल."

अप्पा राहिले. पहाटे स्तोत्र आणि तांब्याचा आवाज येतो, मोगरा कधी नव्हे इतका फुललाय. पाहुणे आले की नव्या फ्रीजकडे बघून हौसेने गार पाणी मागतात. ते आम्ही माठातून देतो. बसवनगुडीहून तो माठ मी रिक्षात मांडीवर धरून आणला. वाटेत एक थेंब सांडला नाही. रिकामा होता.